चमकत्या चमच्याला कोणता मासा भुलतो?

आज आम्ही मासे धरण्याबद्दल बोलणार आहोत. तेही जाळ्याने नाही, तर दोरीला चमकत्या धातूचा तुकडा बांधून, काठावर उभं राहून.

तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात कुठला आला समुद्र आणि कुठला आला किनारा? खरं आहे. आपल्याकडे गोदामाई आहे, सिंदफणा आहे, मांजरा आहे, पण पाऊस रुसला की त्यांचीही वाळू उघडी पडते. पण आता आपल्या शिवारात आणखी एक पाणी आलंय, ते म्हणजे शेततळं. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि गावोगावी तळी खोदली गेली. त्यातल्या पुष्कळ तळ्यांत मासे सोडले जातात आणि पुष्कळ गटांनी त्यासाठी कर्जही घेतलंय. तेव्हा हा विषय आपल्या पोटापाण्याचा आहे.

मागच्या वर्षी आमच्या प्रभागातल्या गटांच्या चौदा जणी कोकणात अभ्यास दौऱ्याला गेलो होतो. दापोली तालुक्यात हर्णै बंदर आहे. तिथे होड्या आल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव भरतो. टोपल्या मांडून बसलेल्या, भाव ठरवणाऱ्या, पैसे मोजून घेणाऱ्या बायाच जास्त दिसल्या. आम्ही तो बाजार बघायला गेलो होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. गुडघाभर पाण्यात एक माणूस लांब काठी घेऊन उभा होता. काठीला रीळ, रिळाला बारीक दोरी आणि दोरीच्या टोकाला बोटाएवढा चकचकीत धातूचा तुकडा. त्याला ना गांडूळ लावलेलं, ना कोळंबी. तो तुकडा त्याने फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे भिरकावला आणि दोरी गुंडाळत आणला. असं दहा-बारा वेळा झालं, आणि मग काठी वाकली.

आमच्यातल्या एका मावशीने त्याला विचारलं, “दादा, खायला काहीच लावलं नाही, मग मासा आला कसा?” तो म्हणाला, “मावशी, मासा खायला येत नाही, धरायला येतो. पळणारं दिसलं की त्याला राहवत नाही.”

ही गोष्ट नीट समजून घेऊ. काही मासे शिकारी असतात. ते डोळ्यांनी सावज हेरतात आणि झडप घालतात. समुद्रात जिताडा, तांबोशी, सुरमई हे असे मासे. लाट फुटते तिथे पाणी ढवळतं, लहान मासे गडबडतात, आणि शिकारी मासा नेमका त्या फेसाजवळ येतो. धातूचा तुकडा ओढला की तो डुलतो, वळतो, त्याच्यावर उजेड पडून लकाकतो. माशाला वाटतं, जखमी मासोळी पळते आहे. ओढता ओढता क्षणभर थांबलं की तुकडा खाली पडू लागतो, आणि बऱ्याचदा झडप नेमकी तेव्हाच पडते. धातूच का, तर तो जड असतो. वारा समोरून आला तरी लांब जातो, आणि आमिषासारखा सडत किंवा निसटत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक शिंपल्याच्या चमकत्या तुकड्याला गळ बांधून मासे धरत आले. अमेरिकेत १८५२ साली ज्युलिओ ब्यूएल नावाच्या माणसाने चमच्याच्या आकाराच्या गळाचं पेटंट घेतलं. लहानपणी त्याच्या हातून खायचा चमचा पाण्यात पडला आणि त्यावर मासा झेपावला, त्यावरून त्याला हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, आजही या तुकड्याला पुष्कळ ठिकाणी चमचाच म्हणतात.

आता येऊ आपल्या तळ्यावर. आपण शेततळ्यात सोडतो ते कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघेही शिकारी नाहीत. कटला वरच्या थरात पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात शेवाळ, पाला खातो. मृगळ तळाशी कुजलेलं खातो. म्हणून तर तिघं एका तळ्यात भांडण न करता वाढतात. यांच्यापुढे तुम्ही सोन्याचा चमचा नाचवला तरी ते ढुंकून बघणार नाहीत.

मग चमचा कशाला? तर मरळीसाठी. मरळ तुम्ही बघितली असेल. सापासारखं डोकं, लांब गोल अंग. ती पक्की शिकारी. शिवाय तिला वरची हवाही घेता येते, त्यामुळे ती थोड्या पाण्यात, ओल्या चिखलातही तग धरते. ओढ्याचं किंवा नदीचं पाणी मोटरीने तळ्यात घेतलं की तिची बारीक पिल्लं त्याच्याबरोबर येतात. पावसाळ्यात पाणी बांधावरून आत आलं तरी येते. मग आपण कर्ज काढून आणलेली बोटुकली ती आरामात खात बसते.

आमच्या एका गटाचं असंच झालं. तळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. श्रावणात पाचशे बोटुकली सोडली होती. एका हेक्टरला पाच ते दहा हजार बोटुकली या हिशेबाने ती बरोबरच होती. खुराक वेळेवर जात होता, नोंदवहीत रोजची नोंद होती. पण दिवाळीनंतर खुराक उरायला लागला. टाकला तेवढा तरंगत राहायचा. तेव्हा एका ताईंच्या लक्षात आलं की दुपारच्या शांत पाण्यात मधूनच एखादं तोंड वर येतं, बुडबुडा सोडतं आणि खाली जातं. ती मरळ होती.

इथे एक खूण लक्षात ठेवा. पहाटे सगळेच मासे तोंड वर काढून आ वासत असतील तर ती मरळ नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे. ढगाळ दिवसांत हे जास्त होतं. तेव्हा खुराक बंद ठेवायचा आणि मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडायचं.

मरळ काढायची म्हणून सगळं तळं जाळ्याने घुसळलं, तर बाकीची अर्धवट वाढलेली मासळी घाबरते, खवले निघतात, मरते. पाणी उपसावं, तर उन्हाळ्यात पिकाला काय द्यायचं? अशा वेळी चमचा कामाला येतो. तो फक्त शिकाऱ्यालाच भुलवतो, गरीब कटला-रोहूला त्रास देत नाही. त्या गटातल्या दोघी जणींनी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास देऊन चार मरळी काढल्या. बाजारात मरळीला कटल्यापेक्षा चांगला भाव येतो, तो वेगळाच फायदा.

आता कृती ऐका. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

स्टीलचा जुना चमचा घ्या. दांडा कापून टाका. उरलेल्या वाटीच्या दोन्ही टोकांना एक एक भोक पाडून घ्या. गावातला वेल्डिंगवाला हे पाच मिनिटांत करून देतो. कडा कानशीने घासून बोथट करा, नाहीतर दोरी कापली जाईल. एका भोकात कडी घालून त्यात गळ अडकवा, दुसऱ्या भोकात कडी घालून नायलॉनची दोरी बांधा. दोरी कडीतून ओवायची, टोकाने मूळ दोरीला पाच-सहा पीळ द्यायचे, मग ते टोक कडीजवळच्या फटीतून काढायचं. गाठ ओली करून हळूहळू आवळायची. कोरडी आवळली की नायलॉन कमजोर होतं.

काठी आणि रीळ विकत घ्यायची गरज नाही. दोरी एका प्लॅस्टिकच्या जाड बाटलीवर गुंडाळा. बाटली डाव्या हातात, तोंड पाण्याकडे. उजव्या हाताने चमचा दोन हात दोरीवर धरून बाजूने फिरवा आणि सोडा. दोरी बाटलीवरून आपोआप सुटत जाते. आपलं तळं तीस मीटरचं असेल तर मध्य काठापासून पंधरा मीटरवर. तेवढं दोन दिवसांच्या सरावाने जमतं. सराव मोकळ्या रानात, गळ न लावता करा. फेकताना मागे-बाजूला कुणी, विशेषतः लेकरू, उभं नाही ना ते बघा.

ओढताना एकसारखं ओढू नका. दोन हात ओढा, क्षणभर थांबा, परत ओढा. वेळ सकाळची किंवा दिवस मावळतानाची. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला बारीक जीव आणि लहान मासे जमतात, मरळही तिकडेच फिरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या तळ्याला प्लॅस्टिकचा कागद आहे. गळ कागदाला लागला तर कागद फाटेल आणि तळं गळेल. समुद्रावरच्या माणसाला ही काळजी नसते, आपल्याला आहे. म्हणून तीन तोंडांचा गळ लावायचा नाही, एकाच तोंडाचा लावायचा. त्या गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करायचा. चमचा तळापर्यंत बुडू द्यायचा नाही. काठ जवळ आला की हात उंच करून तो पाण्याच्या वर आणायचा. मासा लागला तर कागदावरून फरफटत न ओढता लांब दांड्याच्या हातजाळ्यात घ्यायचा.

कटला-रोहूही गळाला लागतात बरं का, पण वेगळ्या रीतीने. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून गोळी करायची, बारीक गळाला लावायची आणि खुराकाच्या जागी, खुराकाच्या वेळी शांतपणे सोडायची. रोज त्याच जागी खायची सवय झालेला मासा तिथेच येतो. याचा उपयोग काय ते सांगतो.

शेततळ्यातली मासळी बहुतेक वेळा एकदमच काढली जाते. व्यापारी जाळं आणतो, माणसं आणतो, एका दिवसात सगळा माल काढतो आणि भाव तोच ठरवतो. आमच्या एका गटाला असा अनुभव आला. माल पाण्याबाहेर आल्यावर त्याने भाव पाडला. मेलेली मासळी परत तळ्यात थोडीच सोडता येते? बाया गप्प बसल्या, कारण दुसरा इलाज नव्हता. गळ हा तो दुसरा इलाज आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटे पाच-सहा किलो मोठे मासे काढायचे आणि ताजे विकायचे. लहान लागला तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात. सगळं तळं गळाने रिकामं होणार नाही, ते आम्हीही सांगत नाही. पण निम्मा माल जरी हळूहळू आपल्या हाताने विकला, तरी व्यापाऱ्याशी बोलताना आवाज वेगळा निघतो. थांबू शकणाऱ्या माणसालाच भाव मिळतो.

मासा काढला की लगेच सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ हे प्रमाण. गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवा. लाल कल्ले आणि टपोरे, स्वच्छ डोळे ही ताज्या माशाची ओळख.

आता जिवाच्या गोष्टी. प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं आणि तो साबणासारखा निसरडा होतो. आत गेलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, वर चढता येत नाही. आपल्या मराठवाड्यात शेततळ्यात लेकरं गेल्याच्या, त्यांना काढायला उतरलेल्या आया गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. गळाचा मोठा फायदा हाच की पाण्यात उतरावं लागत नाही. पण काठावरसुद्धा नियम पाळा. बांधाच्या सपाट माथ्यावरच उभं राहायचं, उतारावर पाय ठेवायचा नाही. एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. तळ्याला कुंपण हवं. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला हवा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून बांधावर ठेवा. कुणी पडलं तर उडी मारू नका. दोर टाका, कॅन टाका, तेही नसेल तर साडी टाका. चमचा पाण्यात अडकला तर तो सोडून द्या. पाच रुपयांच्या चमच्यासाठी कुणी आत उतरायचं नाही.

गळ बोटात घुसला आणि काटा आत गेला तर ओढून काढू नका, मांस फाटतं. तसाच ठेवून आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणखी एक. दोरीला वजन म्हणून शिशाच्या गोळ्या मिळतात. त्या दातांनी दाबू नका, लेकरांच्या हाती देऊ नका, आणि चुलीवर शिसं वितळवण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. शिसं विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंही बाधतं. वजन हवंच असेल तर लोखंडी नट बांधा, काम तेच होतं. तुटलेली नायलॉनची दोरी बांधावर टाकू नका. पाखरांचे पाय त्यात अडकतात.

हे सगळं आपल्या स्वतःच्या तळ्याबद्दल झालं. माजलगावच्या किंवा मांजराच्या धरणावर जाऊन गळ टाकायचा विचार असेल, तर थांबा. धरणातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. भोई समाजाच्या कितीतरी कुटुंबांची चूल त्या पाण्यावर पेटते. त्यांना विचारल्याशिवाय तिथे मासा धरायचा नाही. शिकायचं असेल तर मात्र त्यांच्याकडेच जा. पाणी त्यांच्याएवढं कुणाला कळतं? नदी-ओढ्यात पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या तांबूस पिल्लांचा थवा राखत फिरते. त्या वेळी ती जोडी धरली तर मागे पिल्लं कुणीही खाऊन टाकतं. तळ्यातली मरळ आपल्याला नको, पण नदीतली मरळ टिकायला हवी. आणि स्वस्त मिळतो म्हणून आफ्रिकन मांगूर तळ्यात सोडू नका. त्यावर सरकारची बंदी आहे. तो बाहेर गेला तर नदीतले आपले देशी मासे संपवतो.

शेवटी मनातलं बोलतो. दोघी जणी तळ्यावर चमचा फेकत होत्या तेव्हा बांधावरून जाणारे हसले. “बायांच्या हातात गळ? आता हेच राहिलं होतं.” काही घरांत माळ आहे, तिथे मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. आम्ही कुणाची माळ मोडायला सांगत नाही. ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये, हिशोब लिहावा, बाजार सांभाळावा. पण तळ्याला खुराक घालते बाई, राखण करते बाई, कर्जाचा हप्ता भरते बाई, आणि मासे काढायच्या दिवशी मात्र ती चहा करायला घरात. हे बदलायला हवं. काढणं ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात.

म्हणून कागदही नीट करा. सातबारा बहुतेकींच्या नावावर नाही. तळं सासऱ्यांच्या नावावर असलं तरी मासे गटाच्या नावावर असू शकतात. तळं किती वर्षांसाठी वापरायचं, त्यांना वाटा किती, हे बाँडवर लिहून घ्या. घरातलंच आहे म्हणून तोंडी ठेवू नका. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी प्रकल्प खर्चाच्या ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. आता काय काय मिळतं ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. एकटीने नाही, गटाने जा. मासेपालनासाठी किसान क्रेडिट कार्डही निघतं, बँकेत ते नाव घेऊन मागा.

या आठवड्याच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. आपल्या तळ्याला दोर आणि कुंपण आहे का? तळ्यात मरळ शिरली आहे का? आणि या खेपेला मासे कोण काढणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरावाच्या वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

काही अडलं तर आपल्या प्रभागाच्या ताईंना विचारा, आम्ही येऊ. काळजी घ्या, लेकरांना तळ्यापासून लांब ठेवा. राम राम मैत्रिणींनो.